संतरामचा पेचकस

कुरुंद्यात कुणाची मोटार बंद पडली, कुणाचा फवारा तुंबला, कुणाच्या मळणीयंत्राचा पट्टा सारखा निसटायला लागला, की लोक आधी संतरामला हाक मारत आणि मिस्त्रीला नंतर. संतराम काही मिस्त्री नव्हता. हळद पिकवणारा सरळ शेतकरी होता. पण शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात तिथे तो स्क्रू काढायचा लाकडी मुठीचा पेचकस लावायचा, लग्नाला जातानाही. त्या पेचकसाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. नर्मदाबाईंनी एकदा तुपाच्या डब्याचं झाकण उघडायला तो घेतला होता, तर नवऱ्याचं भाषण दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत चाललं.

"मशीन म्हणजे मशीन," तो म्हणायचा. "ती माणसासारखी खोटं बोलत न्हाई. इचारलं की सांगती."

आता असा माणूस स्वतःच्या हुशारीवर खूश असणार, यात नवल नाही. संतराम तर जरा जास्तच खूश असायचा. पण त्याच्या छातीत या हुशारीहून मोठी जागा अडवली होती ती त्याच्या दोन पोरींनी. थोरली राजनंदिनी नांदेडला दिलेली. धाकटी ऐश्वर्या आठवीत, शाळेच्या शर्यतीत पहिली, आणि तोंडाच्या शर्यतीतही पहिली. "बापावर गेली," असं गल्ली म्हणायची, तेव्हा संतरामला ती तक्रार आहे हे कधी कळलंच नाही.

दोन हजार तीन सालच्या श्रावणात जावई आले. सुरज त्यांचं नाव, माणूस हसरा. त्यांनी मेव्हणीसाठी व्हिडिओ गेम आणला. करड्या रंगाचा डबा, त्याला दोन रिमोट, आणि वरच्या फटीत खोचायची पिवळी कॅसेट. टीव्हीला जोडला की पडद्यावरची माणसं तुमच्या बोटांवर नाचायची. गल्लीत असलं काही कुणाकडे नव्हतं. लाईट असेपर्यंत संतरामच्या बैठकीत बसायला जागा मिळेना.

शेजारचा मुंजाजी दारातूनच म्हणाला, "पोरीला काहून रे असला खेळ? पोराला दिला तर ठीक हाय."

"माझी पोरगी खेळती," संतराम म्हणाला, "अन् तुझा पोरगा बघून राहिला. ज्याचं त्याचं."

मुंजाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संतरामला त्या दिवशी जेवण दुप्पट गोड लागलं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा. ज्याच्या घरी एक विळा आहे तोही विळा धुऊन पाटावर ठेवतो, आणि संतरामच्या घरी तर मशिनींची जत्रा. इंजिन, फवारा, मोटारीचा स्टार्टर, टीव्ही, नर्मदाबाईंचा मिक्सर, सगळी ओळीनं मांडलेली, झेंडूच्या माळा घातलेली. ही पूजा तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे आणि तिची रीतही त्याची स्वतःची होती. मशिनीची पूजा तोंडापासून करायची. इंजिनाचं तोंड म्हणजे डिझेल ओततात ते, मळणीयंत्राचं तोंड म्हणजे पेंढी घालतात ते. आधी विड्याच्या पानानं तोंडावर पाणी शिंपडायचं, मग हळद, मग कुंकू, वर फूल. आणि हळद विकतची असती तर चिमटीवर भागलं असतं. घरच्या वावरातली, घरी शिजवलेली, घरी वाळवलेली हळद. ती लावताना संतरामचा हात कधी आखडला नाही.

ओळीत शेवटी व्हिडिओ गेम होता. त्याचं तोंड कुठलं, हे काय सांगायला हवं?

पूजा झालेल्या मशिनी दसरा होईपर्यंत चालवायच्या नाहीत, त्या दिवसांत त्यांना विसावा. ऐश्वर्यानं मुकाट्यानं कळ काढली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेतून धावत आली, डबा जोडला, कॅसेट खोचली, बटण दाबलं. पडदा नुसता करडा. कॅसेट काढून फुंकली, परत घातली. पडदा मिचमिचला आणि पुन्हा करडा झाला. पूजेनं मशीन बिघडत असेल, असं त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मग उरलं कोण? जी रोज हाताळते ती.

संतराम आला तेव्हा ओट्यावर चार माणसं होती आणि त्यांत मुंजाजी होता.

"काय संतराम," तो म्हणाला, "बंद पडली म्हणं जावयाची मशीन. आमचा पोरगा बघत तरी व्हता, तुझ्या पोरीनं खेळून खेळून मशीनच मारली."

चार माणसांत बोल लागला की संतरामचं डोकं ठिकाणावर राहत नसे. तो तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलून गेला, "पोरीच्या हातात मशीन द्यायलाच नको व्हती!"

ऐश्वर्या दारात उभी होती. रडली नाही. तिचे कान तेवढे लाल झाले.

"मी बिघडवलं न्हाई," ती म्हणाली. "वायर वढली न्हाई, पाडलं न्हाई. खरं सांगून राहिले."

"मग आपोआप बिघडलं व्हय?"

"ते मला ठाऊक न्हाई. पण आबा, तुमी जे बोलला ते वापस घेईस्तोवर मी त्या मशिनीला हात लावणार न्हाई. अन् पाडव्याला तुमाला ओवाळणार बी न्हाई."

एवढं बोलून ती आत गेली. दिवाळीच्या पाडव्याला ती बापाला ओवाळायची. पहिल्यांदा ओवाळलं तेव्हा तबक तिच्या हातात मावत नव्हतं, खालून नर्मदाबाईंनी धरलं होतं. ते संतरामला आठवलं. पण मागं हटेल तो संतराम कसला! "जिनं बिघडवलं तिनं कबूल करावं, मग मी पेचकस लावतो," असं त्यानं जाहीर केलं. बाप-लेक एका घरात राहून एकमेकांशी नर्मदाबाईंमार्फत बोलू लागले. "आबाला म्हणावं शाळेत सही पाहिजे." "तिला म्हणावं दे इकडं." नर्मदाबाई दोघांच्याही नावानं कपाळाला हात लावत.

खरं सांगायचं तर संतराम त्या डब्याला जरा बिचकतही होता. इंजिनात हात कोपरापर्यंत घालता येतो. या इवल्या डब्यात काय असेल, देव जाणे. पण हे त्याला मेला तरी कुणाला सांगता आलं नसतं.

दिवाळी तोंडावर आली आणि एसटीडी बूथवरून निरोप आला, नांदेडचा फोन आहे.

"मामा, आम्ही पाडव्याला येतोय," सुरजराव तिकडून म्हणाले. "ऐशूला सांगा, नव्या कॅसेटी आणतोय. सगळ्या खेळांच्या. पळायची शर्यत, टेनिस आणि क्रिकेट. मीसुद्धा अजून खेळून बघितल्या नाहीत, तिच्याबरोबरच खेळणार."

"या ना, पावणं, या! गल्ली वाट बघून राहिली!" संतराम इतक्या मोठ्यानं ओरडला की फोनची तशी गरज नव्हती. बूथमधल्या सगळ्यांनी ऐकलं आणि गल्लीत पोचवलं. पाडव्याला संतरामच्या घरी जावयाचे नवे खेळ. बंद पडलेल्या मशिनीवर नवे खेळ चालणार कसे? मशीन बंद आहे, हे तर त्यानं ना जावयाला सांगितलं होतं ना थोरल्या लेकीला.

पाडव्याच्या आदल्या दुपारी नर्मदाबाई आणि ऐश्वर्या आत करंज्या करत होत्या. लाईट होती. संतरामनं बैठकीचं दार लोटलं, खिशातला पेचकस काढला आणि डबा मांडीवर घेतला. पहिला स्क्रू त्यानं जपून, अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानं फिरवला. दुसऱ्याला थोडा धीर आला. खालचं झाकण निघालं तर आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर कथिलाचे टाके आणि बारीक तारा. ना गियर, ना तेल. मग स्वतःलाच म्हणाला, मशीन म्हणजे मशीन. कुठून काय आत जातं आणि कुठं अडतं, एवढंच बघायचं.

काय जातं? कॅसेट. कुठून? वरच्या फटीतून. त्यानं पट्टी उलटी करून ती फट उजेडात धरली.

फटीत चिखल वाळलेला होता. अर्धा पिवळा, अर्धा लाल. आणि त्या चिखलात चिकटून बसलेली झेंडूची एक पाकळी.

संतरामनं बोट लावलं. बोटाला पिवळा डाग आला. असला गर्द पिवळा रंग बाजारच्या हळदीला येत नाही. ही त्याच्याच वावरातली. तोंडापासून पूजा. विड्याच्या पानानं पाणी. सैल हाताची हळद. सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि त्याचे कान पोरीसारखेच लाल झाले. मशीन खोटं बोलत नाही, विचारलं की सांगते. इतके दिवस त्यानं विचारलंच नव्हतं. पोरीनं तर न विचारता खरं सांगितलं होतं, ते ऐकलं नव्हतं.

पण आधी काम. देवघरातली कापसाची वात घेतली, फटफटीच्या टाकीतलं थेंबभर पेट्रोल घेतलं आणि वातीच्या टोकानं फटीतला चिखल हळूहळू काढला. कॅसेटला टेकणारे आतले पितळी दात तरी काळसरच राहिले. ते घासायला पॉलिश पेपर खरखरीत, फडकं जाड. मग कोपऱ्यातलं ऐश्वर्याचं दप्तर दिसलं. कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन त्यानं दाढीच्या पातीनं त्याची बारीक फाक कापली आणि एकेक दात घासला. चोरून घेतलेल्या त्या रबरानं पितळ लखलखीत झालं. पट्टी जागेवर, झाकण जागेवर, कॅसेट फटीत. बटण दाबलं आणि पडद्यावर रंगीत माणूस उडी मारून उभा राहिला.

संतराम उठून उभाच राहिला. मोटारी कितीक चालू केल्या असतील, पण असा आनंद त्याला कधी झाला नव्हता. तोंडातून "ऐशू!" अशी हाक येणारच होती, ती त्यानं गिळली. आत काय बिघाड होता, असं ती विचारणार. मग काय सांगायचं? वायर सुटली होती म्हणावं. वायर तर कुणाचीही सुटते. चिखल पुसून टाकला होता, बघणारं कुणी नव्हतं. पाकळी मात्र त्यानं फेकली नाही. का, ते त्यालाही कळलं नाही. ती त्यानं खिशात टाकली, पेचकसाशेजारी.

पाडव्याला सकाळी वसमतच्या जीपमधून लेक-जावई उतरले आणि चहा होतो न होतो तोच बैठक गच्च भरली. मुंजाजी पुढच्या ओळीत. ऐश्वर्या बहिणीच्या गळ्यात पडली, दाजींशी हसली, आणि खेळाचं नाव निघताच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हे काय, ऐशू? तुझ्यासाठी आणल्यात कॅसेटी!"

"तुमी खेळा दाजी. मी बघती."

मशीन सुरू झाली. पहिला क्रिकेटचा खेळ लावला आणि बैठक कोड्यात पडली. बॅट मुसळासारखी गोल. स्टंपांचा पत्ता नाही. चेंडू मारला की फलंदाज बॅट फेकून देऊन भलतीकडेच पळत सुटायचा.

"याचे स्टंप कुणी नेले?" संतरामनं विचारलं.

"मामा, हा क्रिकेट नाही वाटतं," सुरजराव डोकं खाजवत म्हणाले. "बेसबॉल का काय म्हणतात तो दिसतोय. दुकानदारानं क्रिकेट म्हणून दिला."

"असू द्या. बॉल हाय, बॅट हाय. भिंतीपल्याड गेला की सिक्सर, झेलला की औट. बाकीचं त्याला पळू द्या."

सगळ्या बैठकीनं हा कायदा मान्य केला. सुरजराव औट झाले, मुंजाजीचा पोरगा औट झाला, खुद्द मुंजाजीनं रिमोट हातात घेऊन सगळ्या अंगानं वाकून चेंडू मारला आणि तोही औट झाला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टेनिसमध्ये चेंडू जाळ्यातच अडकत राहिला. मग पळायची शर्यत लावली, अडथळ्यांची. दोन बटणं आळीपाळीनं जितक्या जोरानं दाबाल तितका गडी पळतो, मध्ये काठी आली की तिसरं बटण दाबून उडी. इथे सुरजरावांना कुणी हरवेना. ऐश्वर्याची बोटं दाराच्या चौकटीवर आपोआप चालत होती. संतरामच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"मशीन झकास चालून राहिली," मुंजाजी रिमोट खाली ठेवत म्हणाला. "पावणं, तुमाला सांगतो, दसऱ्यापासून बंद पडली व्हती ही. पोरींच्या हातात मशीन दिली की असंच व्हतं. हे मी न्हाई म्हणत, संतरामच म्हणला व्हता. बरं झालं, पेचकसवाला बाप घरात व्हता."

"असं?" सुरजराव सासऱ्याकडे वळले. "मामा, तुम्ही दुरुस्त केली? काय झालं होतं?"

झालं. स्तुतीचं ताट पुढ्यात वाढलेलं होतं, तेही मुंजाजीच्या हातून. वायर सुटली होती एवढंच म्हणायचं होतं. संतरामनं दाराकडे पाहिलं. पोरगी त्याच्याकडे बघत नव्हती. ती मशिनीकडे बघत होती, आणि तिचे कान पुन्हा लाल झाले होते.

"थांब मुंजाजी," संतराम उठला. "ते बोलणं माझं हाय. ते मी वापस घेऊन राहिलो. समद्यांसमोर बोललो व्हतो, समद्यांसमोर घेतो."

त्यानं खिशातून वाळलेली पाकळी काढून तळहातावर धरली.

"ही मशिनीच्या तोंडात सापडली. पाकळी, हळद, कुंकू, पाणी. खंडेनवमीची पूजा मी केली व्हती. मशीन मी बिघडवली. माझी पोरगी म्हणली, मी न्हाई बिघडवली, अन् ती खरं बोलली. तिच्या हातात मशीन व्हती तवर मशीन चालली. माझ्या हातात आली अन् बंद पडली. काय हसायचं ते हसून घ्या."

कुणी हसलं नाही. मग राजनंदिनीला राहवलं नाही, ती खुदकन हसली, तशी सगळी बैठक हसली, आणि कधी नव्हे ते संतरामलाही त्या हसण्याचा राग आला नाही. मुंजाजी मात्र छताकडे बघत बसला.

ऐश्वर्या दारातून आली. माणसांतून वाट काढत ती थेट मशिनीपुढे बसली आणि मुंजाजीच्या पुढ्यातला रिमोट उचलला.

"दाजी, शर्यत लावा."

शर्यत सुरू झाली. पोरीची बोटं दिसेनात. पहिली काठी, दुसरी काठी, सुरजरावांचा गडी एका काठीला अडखळून पडला आणि तिचा सरळ रेषेपार गेला. "अजून एकदा," सुरजराव म्हणाले. अजून एकदा हरले. मग बाह्या सरसावून बसले आणि तरीही हरले. बैठक नुसती ओरडत होती. सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा असेल ते सांगायला नको. "माझी पोरगी हाय ती!" संतराम ज्याला त्याला सांगत होता, जणू कुरुंद्यात हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

ऐन शर्यतीत लाईट गेली. भारनियमन. पडदा काळा झाला, लोक उठायला लागले, तेवढ्यात नर्मदाबाई तबक घेऊन आल्या. पाटावर आधी जावई बसले, मग संतराम. नर्मदाबाईंनी दोघांना ओवाळलं, राजनंदिनीनं ओवाळलं. संतराम पाटावरून उठला नाही. तबक राजनंदिनीच्या हातातच राहिलं. निघालेली माणसंही दारात थांबली.

ऐश्वर्यानं बहिणीच्या हातातून तबक घेतलं. आता ते तिला पेलत होतं. ती बापासमोर बसली, हळदीत बोट बुडवलं, कुंकवात बुडवलं आणि त्याच्या कपाळावर नीट मधोमध टेकवलं.

"आबा," ती म्हणाली, "कुंकू इथं लावत्यात. मशिनीच्या तोंडात न्हाई."

बैठक फुटली. हसणं ओसरेपर्यंत तिनं ओवाळून घेतलं आणि तबक पुढं धरलं, ओवाळणीसाठी. संतरामचा हात खिशाकडे गेला. नोटा खालच्या खिशात होत्या. त्याचा हात वरच्या खिशात गेला. नर्मदाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या तोंडावरचं हसू तिथंच थांबलं.

लाकडी मुठीचा पेचकस त्यानं तबकात ठेवला, निरांजनाशेजारी.

"पुढच्या खंडेनवमीला पूजा तू कर," तो म्हणाला. "अन् आजपासून मशीन बी तूच उघड."